पूंगोदै गुरुवारी काय म्हणाली

अत्या, त्या गुरुवारी पूंगोदै काय म्हणाली हे मला आठवत होतं. तू विचारलंस तेव्हाही आठवत होतं, आणि आज तुला जाऊन सोळा दिवस झाले, आजही शब्दन् शब्द आठवतं.

परक्या कुणी हे वाचलं तर त्याला हसू येईल. पूंगोदै म्हणजे दुपारी दीडच्या तमिळ सीरियलमधली नर्स. आणि लिहिणारा कोण, तर एकसष्ट वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस. गेलेल्या अत्याला काय लिहितोय, तर सीरियलची गोष्ट. लोकांच्या या हसण्यालाच मी घाबरलो होतो. त्या भीतीपायी तुझं काय केलं, ते तुला सांगायला बसलोय. तूच शिकवलेल्या बाळबोध, देवनागरी अक्षरांत लिहितोय; या तमिळ मुलखात सगळे तमिळच वाचतात, म्हणजे घरातलं दुसरं कुणी वाचायचं नाही. बघ, अजून लपवायची सवय गेली नाही.

तेराव्याला जेवायला आलेले लोक पानावर बसून तुझ्याबद्दल बोलत होते. "गणिताच्या टीचर होत्या. केवढं डोकं! चाळीस वर्षांपूर्वीच्या पोरींचे मार्क तोंडपाठ. पण शेवटी शेवटी..." असं म्हणून बोलणाऱ्यानं कानशिलापाशी बोट फिरवलं आणि रसमचा भुरका मारला. मी त्याच्या पानात भात वाढत होतो. मला म्हणता आलं असतं, "नाही हो, तसं काही नव्हतं." मी म्हणालो, "आणखी थोडा भात?"

ते बोट आपल्या रस्त्यावर पहिल्यांदा मी फिरवलं होतं.

तुझे कान एकदम गेले नाहीत. आधी दारावरची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग रुक्माचा आवाज, शेवटी माझा. माझी बायको म्हणून ती या घरात आली तेव्हापासून तू तिला 'पोरी' म्हणायचीस. तिची हाक ऐकू येईनाशी झाली त्या दिवशी तू पहिल्यांदा घाबरलीस. मी कानाचं यंत्र आणलं. ते घातलं की डोक्यात कुणी पत्रा घासतंय असं वाटतं म्हणालीस आणि चार दिवसांनी ते डबीत घालून ठेवलंस. "पस्तीस वर्षं वर्गातला गलका ऐकलाय," म्हणालीस. "पुरे अत्तां."

बाकी कशापुढे तू हार मानली नाहीस. पुढच्या खोलीत तुझी वेगळी गॅसची शेगडी होती, पहाटे पाचला तुझ्या कॉफीचं डिकॉक्शन उतरायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तू एकटी बसने ओरत्तनाडूला, तुझ्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडे, कमला टीचरांकडे जायचीस आणि संध्याकाळच्या आत परतायचीस. ऐकू येत नाही तर कंडक्टर काय म्हणतो ते कसं कळतं, असं मी विचारलं तेव्हा हसलीस. "मी ओरत्तनाडू म्हणते आणि तो तिकीट देतो. यात ऐकायचं काय आहे?"

ऐकायचं होतं ते फक्त सीरियलमध्ये. चित्रं दिसायची, पण बोलणं नाही. ओठांवरून ओळखावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. पूंगोदैचं काम करणारी पोरगी दुसऱ्याच मुलखातली, तिचे ओठ तिच्या भाषेत हलायचे आणि वर तमिळ आवाज दुसऱ्या कुणाचा. "हिचं तोंड एक म्हणतंय आणि चेहरा एक," असं तू पहिल्याच दिवशी म्हणाली होतीस. मी नुकताच रिटायर झालो होतो. दुपारी दोन घास जास्त खाऊन आडवा व्हायचा माझा बेत असायचा. तू पाटी आणि खडू माझ्या मांडीवर ठेवलास. "सेतू, काय बोलतात ते लिही. गाळू नको."

असे आपण बसायला लागलो. आपली मराठी मी तमिळ अक्षरांत भराभर लिहायचो, कारण बाळबोध लिहायला वेळ लागायचा. तमिळमध्ये क आणि ग एकाच अक्षरात, त आणि द एकाच अक्षरात. तू चिडायचीस. "हे 'काडी' आहे की 'गाडी'? वेलन काडी घेऊन आला की गाडी घेऊन?" वेलन अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता, म्हणजे गाडीच. पण तुला सगळं नेमकं लागायचं. एखाद्या प्रसंगात एकाच चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळा गेला ते तू मोजायचीस. "सासूबाई अकरा वेळा. सून फक्त सात. भांडणात सासू जिंकणार." आणि सासू जिंकायची. पूंगोदैच्या नणंदेचं बाळंतपण अकराव्या महिन्यापर्यंत लांबलं तेव्हा तू वाहिनीला पत्र लिहायला निघाली होतीस.

त्या दुपारी मला फार आवडायच्या, अत्या. हे मी तुला कधी म्हटलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला तर नाहीच नाही. रस्त्यावरच्या बाप्यांना वाटायचं, सेतुमाधव बिचारा म्हाताऱ्या अत्यासाठी बसतो. मी तसं वाटू दिलं. एकदा कुणी विचारलं तेव्हा कपाळाला हात लावून म्हणालो होतो, "काय करणार, कर्तव्य आहे." तू समोरच होतीस. ऐकू आलं नाही, हे बरं झालं.

आधी मी गाळायला लागलो. दहा वाक्यांचं एक करायचो. मग एकदा वेलन पूंगोदैला हॉस्पिटलच्या फाटकाशी सोडताना काहीतरी पचपचीत बोलला. मला ते लिहवेना. मी माझं वाक्य लिहिलं: "तुमची ड्यूटी संपेपर्यंत माझीही संपत नाही." तू वाचलंस, पाटी हातात धरून बसलीस आणि म्हणालीस, "आज वेलन छान बोलला." अत्या, तीस वर्षं मी कालव्याच्या पाण्याच्या फायली लिहिल्या, पण माझ्या एका वाक्याला कुणी छान म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून वेलनचं बरंचसं बोलणं माझं होतं. तुला वेलन जो आवडला, त्यातला किती त्या सीरियलचा होता कोण जाणे.

संध्याकाळी पाचला आपल्या तिण्णैवर बायका जमायच्या. दारापुढच्या त्या दगडी ओट्यावर तुझी जागा खांबाला टेकून आणि विशालाक्षी मामीची तुझ्यासमोर. मामी समोरच्या घरातली, तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि तुझी पक्की विरोधक. त्या दिवसांत अख्खा रस्ता दोन भागांत फाटला होता. पूंगोदैचा नवरा धनशेखर तिला आणि मुलीला टाकून परदेशात दुसरीबरोबर राहायला गेला होता. तो सहा वर्षांनी परत आला आणि दारात उभा राहून रडला. आता तिनं त्याच्याकडे जायचं की वेलनशी लग्न करायचं? मामी म्हणायची, नवऱ्याकडे. तू म्हणायचीस, वेलन.

"ताली बांधलेला नवरा आहे तो, टीचर," मामीनं पाटीवर लिहिलं होतं.

"ताली त्याच्या गळ्यात कुठे होती?" तू म्हणालीस. "ते मंगळसूत्र घेऊन तर हीच बसली होती."

बायका हसल्या. तू हसली नाहीस. मी मनातून मामीच्या बाजूचा होतो आणि तुझ्याशी त्यावरून बरेच दिवस भांडलो. माणूस चुकतो, मी लिहायचो. तू म्हणायचीस, "चुकू दे. पण सहा वर्षं? एक चिठ्ठी टाकायला सहा वर्षं लागतात?" हे भांडण आपण कधी संपवलं नाही.

मग तो गुरुवार आला. हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात पूंगोदै आणि वेलन उभे होते. पूंगोदै रडत होती. ती म्हणाली, "मी त्यांच्याकडे परत जातेय. माझ्या मुलीला बाप हवा. तुम्ही माझी वाट बघू नका." एवढंच. वेलननं गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

तू पाटीकडे बघत होतीस. खडू माझ्या हातात होता. मी खरं लिहिलं असतं तर तू भडकली असतीस, तासभर बोलली असतीस, तुझं प्रेशर चढलं असतं. मला झोप येत होती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं नव्हतं. इतके दिवस मी भांडत होतो नवऱ्याच्या बाजूने, आणि ती खरोखर निघाली तेव्हा मला वाईट वाटलं, कारण वेलन निम्मा माझा होता. मी लिहिलं: "मी नुसतं नाटक करतेय. कोर्टात मुलीचा ताबा मिळेपर्यंत त्यांच्या घरी राहीन. तुम्ही वाट बघा."

तू मांडीवर थाप मारलीस. "हुशार पोरगी! नर्स आहे ना, रोग्याला न सांगता औषध पाजते." त्या दिवशी तू मला दुसऱ्यांदा कॉफी करून दिलीस.

पुढचे पाच दिवस मी ते नाटक चालवलं. पूंगोदै नवऱ्याला जेवायला वाढायची, मी लिहायचो: "हसतेय, पण मनात वेगळंच आहे." तू मान डोलवायचीस. तुला सगळं कळत होतं, जगाला काही कळत नव्हतं. ते गुपित घेऊन तू तिण्णैवर गप्प बसलीस, मामी जिंकल्याच्या तोऱ्यात बोलत होती तरी. मला वाटलं, तू गप्पच राहशील. बुधवारी तुला राहवलं नाही.

"थांबा जरा," तू म्हणालीस. तुझा आवाज तुला ऐकू यायचा नाही, म्हणून तो अर्ध्या रस्त्याला गेला. "ती नाटक करतेय. मुलीचा ताबा मिळाला की वेलनकडे येणार. तिनं स्वतः सांगितलंय त्याला. गुरुवारी."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मामीनं हातानं 'नाही, नाही' केलं. पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "तसं ती म्हणालीच नाही."

"म्हणाली. व्हरांड्यात म्हणाली. किल्ली फिरवत होता तो, तेव्हा."

"टीचर, मी स्वतः बघितलं."

"मीही बघितलं," तू म्हणालीस. "मी वाचलं."

कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. मामी हसली नाही. ती माझ्याकडे वळली. मी दारात पेपर घेऊन उभा होतो. तिनं भुवया उंचावून विचारलं, हे काय? सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. पलीकडच्या घरातले दोघे बाप्येही थांबले होते. मला एवढंच म्हणायचं होतं, "ते मी लिहिलं. मी तिला खोटं लिहून दिलं." पण मग पुढचा प्रश्न आला असता. का? आणि सेतुमाधव रोज दुपारी बसून नर्स आणि ड्रायव्हरच्या प्रेमाचे संवाद लिहितो, हे रस्त्यानं वर्षभर चघळलं असतं.

मी कानशिलापाशी बोट फिरवलं. हळूच, दोनदा. आणि ओठांनी, आवाज न करता म्हणालो, "वय."

तू बहिरी होतीस, अत्या. आंधळी नव्हतीस. मी बोट खाली आणलं तेव्हा तू माझ्याकडेच बघत होतीस. पाटी उचललीस, पदरानं पुसलीस आणि आत गेलीस. मी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी पाटी घेऊन आलो तर टीव्ही बंद होता. "डोळे दुखतात," म्हणालीस. त्याच्या पुढच्या सकाळी मी अंगणात दात घासत होतो आणि तुझ्या खोलीतून एकोणिसाचा पाढा ऐकू आला. मग सतराचा. मग तेवीसचा, मोठ्यानं, चढ्या आवाजात. एकशे चौऱ्याऐंशीपाशी थांबलीस आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. तू स्वतःला तपासत होतीस. आवाज मनात ठेवलाय असं तुला वाटत असणार. रुक्मा तुळशीला पाणी घालता घालता थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय हो हे? एकट्याच बडबडताहेत." मी चूळ भरून टाकली.

तिण्णैवरची गोष्ट तिच्या कानावर आली होतीच. त्यात हा पाढा. त्या आठवड्यात तिनं तुझ्या शेगडीचा रेग्युलेटर काढून आमच्या कपाटात ठेवला. "उगाच काही झालं तर," ती म्हणाली. तुझी पहाटेची कॉफी आता तिच्या हातची, सहा वाजता. पहिला शनिवार आला तेव्हा तू छत्री घेऊन निघालीस आणि मी फाटकात आडवा आलो. पाटीवर लिहिलं: "एकटी नको. मी नेईन." कधी नेईन ते लिहिलं नाही. आठ महिन्यांत आठ शनिवार आले आणि मी एकदाही नेलं नाही. रुक्मा म्हणाली, डॉक्टरला दाखवू. मी म्हणालो, या वयात काय दाखवायचं. डॉक्टरनं तुला दोन प्रश्न विचारले असते, तू चार उत्तरं दिली असतीस आणि मी उघडा पडलो असतो.

पाढे मात्र आठवड्याभरात थांबले. मला वाटलं, सवय झाली, बसली घडी. मला बरं वाटलं, अत्या. हेही लिहून टाकतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारची जेवणं झाल्यावर तू मला हाक मारलीस. पाटी आणि खडू माझ्यापुढे ठेवलास, कित्येक दिवसांनी. तुझा चेहरा शांत होता. वर्गात एखाद्या पोरीला फळ्यापाशी बोलावताना असेल तसा.

"सेतू, त्या गुरुवारी पूंगोदै काय म्हणाली होती? खरं सांग."

मी खडू घेतला. रुक्मा आत भांडी लावत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. रस्ता ऐकत नव्हता, तिण्णै रिकामी होती, हसणारं कुणी नव्हतं. मी लिहिलं: "आठवत नाही."

तू ते बराच वेळ वाचलंस. दोनच तर शब्द होते. मग म्हणालीस, "बरं." आणि पाटी उलटी करून भिंतीला लावून ठेवलीस. त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस. जेवायला काय आहे एवढंही नाही. येईल ते जेवलीस.

मग तो तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. शेवटच्या दिवशी रुक्मानं चमच्यानं मोर, पातळ ताक, पाजलं ते गिळलंस आणि तिच्या गालाला हात लावलास. माझ्याकडे बघितलंस की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी खिडकीपाशी उभा होतो.

चौदाव्या दिवशी मी ओरत्तनाडूला गेलो. फोनवर कळवलं होतं, पण कमला टीचरांचे गुडघे धरलेले, त्यांना येता आलं नव्हतं. वाटलं, निदान एक शनिवार तरी जावं. तू जायचीस तीच बस. दोन्ही बाजूंना भाताची रोपं, कालव्याला पाणी सुटलेलं. एके काळी हे पाणी कधी सोडायचं याच्या फायली मी लिहायचो, तरी त्या दिवशी कालवा ओळखीचा वाटला नाही.

टीचरांनी मला समोर बसवलं, पाणी दिलं आणि धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाल्या, "तंबी, शेवटी त्रास झाला का तिला?"

मी म्हणालो, "ताप होता. आणि डोकं जरा..."

बोट वर गेलंच होतं. त्यांनी ते बघितलं. "डोक्याचं काय?"

मग मला सांगावं लागलं. पाटी, वेलनची वाक्यं, गुरुवार, तिण्णै, सगळं. मान खाली घालून सांगितलं. संपल्यावर त्या उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या आणि एक आंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. तुझं अक्षर, अत्या. तमिळमधलं, सरळ रेघेत, प्रत्येक ओळीच्या शेवटी नीट संपणारं.

टीचर म्हणाल्या, "तिनं आधी एक पत्र लिहून विचारलं होतं, गुरुवारी पूंगोदै नेमकं काय म्हणाली ते लिहून कळव म्हणून. मी बघते ती सीरियल. मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्याला आलेलं हे उत्तर." त्यांनी ते मला वाचून दाखवलं. हातात दिलं नाही.

तू लिहिलं होतंस: "कमला, वाचून सुटल्यासारखं झालं. म्हणजे माझं डोकं जागेवर आहे. गेले सहा दिवस मी पाढे म्हणत होते. सेतूनं मला आवडेल ते लिहून दिलं. छान लिहायचा, आता कळतंय, वेलन त्याच्या हातून फार चांगला माणूस झाला होता. लोकांसमोर तो घाबरला. एकांतात विचारीन, म्हणजे सांगेल."

टीचरांचं पाकीट आपल्या घरी आलं तेव्हा पोस्टमनकडून मीच घेतलं होतं. मीच तुझ्या हातात दिलं होतं.

म्हणजे पाढे थांबले ते त्या पाकिटामुळे. मला खडू दिलास तेव्हा तुला उत्तर ठाऊक होतं. मी चुकलो की नाही हे तुला बघायचं नव्हतं. मला उठून उभं राहता यावं म्हणून तू हात पुढे केला होतास, ऐकणारं कुणी नसताना. आणि नंतरचे आठ महिने तू कॉफीसाठी सहापर्यंत थांबलीस, शनिवारी छत्री खुंटीला ठेवलीस, लोक तुझ्याशी तान्ह्या मुलाशी बोलावं तसं हातवारे करून बोलले ते सोसलंस. एका वाक्यात तुला सुटता आलं असतं. पत्र मामीपुढे टाकलं असतंस तर पुरे होतं. माझी लाज राखायला तू वेडी ठरलीस.

"ते पत्र मला द्याल का?" मी टीचरांना विचारलं.

त्यांनी ते घडीवर घडी करून बंद केलं. "हे तिनं मला लिहिलंय, तंबी. तुला तिनं समोर बसवून विचारलं होतं."

त्याच संध्याकाळी पाचला मी तिण्णैवर जाऊन उभा राहिलो. बायका होत्या, मामी होती. तुझी खांबापाशीची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. मी सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, अत्या. ज्या हसण्याच्या भीतीनं मी हे सगळं केलं ते आलंच नाही. एक बाई एवढंच म्हणाली, "अय्यो, ती सीरियल? ती तर कधीच संपली." विशालाक्षी मामी उठली, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून घरी गेली. जाताना 'येते' म्हणाली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्यात प्रत्येकाला थांबवून सांगते, टीचरचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं, त्या भाच्यानं केलं सगळं. जे मी आधी करायला हवं होतं ते ती करतेय. मला बघून तोंड फिरवते. फिरवू दे.

रुक्मा दाराआड उभी राहून ऐकत होती. आत आलो तर ती कपाटापुढे खाली बसली होती, मांडीवर रेग्युलेटर.

"हा मी काढून घेतला," ती म्हणाली. "माझ्या हातानं. त्यांनी विचारलं होतं, पोरी, माझी शेगडी का पेटत नाही? मी खोटं सांगितलं, सिलिंडर मिळत नाही म्हणून. त्यांनी मान हलवली. तुमच्या त्या एका बोटावर मी हे केलं."

मी तिच्याजवळ बसायला गेलो. ती सरकली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी मी हे लिहायला बसलो, तर मागे येऊन उभी राहिली. तिला ही अक्षरं वाचता येत नाहीत, पण कुणाला लिहितोय ते तिला कळलं.

"त्यांना लिहिताय?"

"हो."

"माझंही एक लिहा."

"काय लिहू?"

तिनं माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "लिहा, रुक्मा म्हणते, तुम्हाला काय झालंय ते मी सगळ्यांना विचारलं, तुम्हालाच एकदा विचारलं नाही."

लिहिलं, अत्या. तिच्याच शब्दांत लिहिलं. माझा एकही त्यात घातला नाही.